लष्करी गाडीसाठी दणकट पॉवर सप्लाय : खान्देशातल्या वर्कशॉपमध्ये डिझाइनपासून चाचणीपर्यंत

लष्करी गाडीची वीज कागदावर २८ व्होल्ट डीसी. गाडी शांत उभी असताना, बॅटरी भरलेली असताना ती तशी मिळतेही, आणि तेवढ्यावर कोणताही बरा सप्लाय चालतो. कस लागतो तो बाकीच्या वेळी. स्टार्टर फिरला की व्होल्टेज खाली बसते. चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर सुटली की अल्टरनेटर शंभर व्होल्टपर्यंत उसळतो. रिले उघडला की शेकडो व्होल्टचा स्पाइक येतो. आणि हे सगळे मे महिन्याच्या दुपारी, बंद लोखंडी केबिनमध्ये. म्हणून डिझाइनची सुरुवात या वाईट क्षणांपासून करावी, २८ व्होल्टपासून नाही. पुढची प्रत्येक पायरी याच धोरणाने लिहिली आहे.

खान्देशात संरक्षण उत्पादन नवे नाही. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माण्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांना पोसत आल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. भुसावळ यंत्र इंडियाकडे गेली, वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत चार्जर, स्टॅबिलायझर, पंपाचे पॅनेल हाताळणारे कारागीर आहेत, ट्रान्सफॉर्मरचे चांगले वाइंडिंग करणारे आहेत. हात तयार आहेत. शिकायची आहे ती लष्करी मानकांची शिस्त.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण धरू : गाडीतल्या रेडिओ संचासाठी २८ व्होल्ट इनपुटवरून आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुटमध्ये थेट विद्युत जोड नसलेला) १२ व्होल्ट, १०० वॅट.

पहिली पायरी : मानके समोर ठेवून प्रश्न विचारा

जमिनीवरच्या गाड्यांच्या २८ व्होल्ट विजेसाठी जगभर मिल-एसटीडी-१२७५ हे अमेरिकी लष्करी मानक वापरतात, विमानांसाठी मिल-एसटीडी-७०४. हवामान, कंप आणि धक्क्यांसाठी मिल-एसटीडी-८१०, विद्युतचुंबकीय उपद्रवासाठी मिल-एसटीडी-४६१. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या पर्यावरणीय चाचण्यांना जेएसएस ५५५५५ हे भारतीय सैन्यदलांचे मानक लागते. निविदेत मानकाची कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पहिल्याच दिवशी पाहा, कारण आवृत्ती बदलली की आकडे बदलतात. १२७५ च्या ‘डी’ आवृत्तीत स्टार्टर लागताना व्होल्टेज ६ पर्यंत खाली येऊ शकते. २०१३ च्या ‘ई’ आवृत्तीत तीच मर्यादा १२ आहे. या एका फरकाने अख्खे सर्किट बदलते.

मग ग्राहकाला विचारा : इंजिन सुरू होताना रेडिओ बंद पडून पुन्हा चालू झाला तर चालेल का? सप्लाय केबिनमध्ये बसणार की बाहेर उन्हात? कशाला बोल्ट होणार? ही उत्तरे लेखी घ्या. तोंडी मिळालेले उत्तर चाचणीच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

दुसरी पायरी : दारातच पहारा

पहिला धोका उलट्या पोलॅरिटीचा. रात्री अंधारात बॅटरी बदलताना वायर उलट लागतेच. साधा शॉटकी डायोड लावला तर १२ व्होल्ट इनपुटला ९.३ अँपिअरवर अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे साडेचार वॅटची नुसती उष्णता. त्याऐवजी एन-चॅनल मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि त्याला डायोडसारखे एकाच दिशेने चालवणारी चिप, म्हणजे आयडियल डायोड कंट्रोलर लावा. ५ मिलिओहमच्या मॉस्फेटमध्ये तोच तोटा अर्ध्या वॅटच्या आत येतो.

दुसरा धोका सर्जचा, म्हणजे बॅटरीची वायर सुटल्यावर येणाऱ्या त्या उसळीचा. १२७५ मधला सर्ज १०० व्होल्टचा, ५० मिलिसेकंद टिकणारा. त्यानंतर तो उतरत उतरत साधारण अर्ध्या सेकंदाने ४० व्होल्टवर येतो. घाईत असलेला माणूस इथे जाडजूड टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज आले की स्वतःतून प्रवाह वाहू देऊन ते दाबणारा) लावतो आणि निश्चिंत होतो. हिशोब करून बघा. स्रोताचा रोध अर्धा ओहम धरला आणि डायोडने ४० व्होल्टला दाबायचे ठरवले, तर त्यातून (१०० − ४०) ÷ ०.५ = १२० अँपिअर जातील. ४८०० वॅट, ५० मिलिसेकंद, म्हणजे २४० ज्यूल. बाजारातल्या ५००० वॅटच्या टीव्हीएसचे ते ५००० वॅट साधारण एक मिलिसेकंदाच्या पल्ससाठी असतात. पन्नास मिलिसेकंदांत त्याची राख होते.

दुसरी पद्धत लिनिअर सर्ज स्टॉपरची : मॉस्फेट मालिकेत लावून वरचे ६० व्होल्ट त्याच्यावर टाकायचे. आपला सप्लाय ८९ टक्के कार्यक्षम धरला तर इनपुट ११२ वॅट, आणि ४० व्होल्टला २.८ अँपिअर. ६० × २.८ × ०.०५ केले की सपाट भागाचे ८.४ ज्यूल होतात. एवढे पाहून बरेच जण थांबतात. पण उतरती शेपूटही मोजायला हवी. ती सरळ रेषेत उतरते असे धरले तर सरासरी ३० व्होल्ट, २.८ अँपिअर, ०.४५ सेकंद, म्हणजे आणखी सुमारे ३८ ज्यूल. शेपूट डोक्यापेक्षा चौपटीहून जड आहे. शिवाय चाचणीत असे सर्ज लागोपाठ दिले जातात, मॉस्फेटला थंड व्हायला फुरसत मिळत नाही. डेटाशीटमधला सुरक्षित कार्यक्षेत्राचा आलेख उघडून १०० मिलिसेकंदांची आणि डीसीची रेषा बघा. स्विचिंगसाठी बनवलेले बहुतेक आधुनिक मॉस्फेट तिथे कोलमडतात. दोन समांतर लावून भार वाटला जाईल, हीही आशा नको. लिनिअर (अर्धवट चालू) अवस्थेत जो जास्त तापतो तोच जास्त प्रवाह ओढतो.

माझे मत स्पष्ट आहे : ३० वॅटपर्यंत लिनिअर सर्ज स्टॉपर चालेल, पण १०० वॅटला सर्किटचा पहिला टप्पाच असा बनवा की तो १०० व्होल्टवर आरामात स्विचिंग करत राहील.

आता स्पाइक. तो ±२५० व्होल्टचा असतो, पण अतिशय अल्पकाळाचा. ‘डी’ आवृत्तीत त्याची ऊर्जा १५ मिलिज्यूल होती, ‘ई’मध्ये २ ज्यूल झाली. हे काम टीव्हीएसचेच. मात्र त्याने १०० व्होल्टच्या सर्जला वाहायला लागता कामा नये, म्हणून ११० व्होल्ट स्टँड-ऑफचा (तेवढ्या व्होल्टेजपर्यंत न वाहणारा), दोन्ही दिशांचा घ्या. असा १५०० वॅटचा टीव्हीएस पूर्ण प्रवाहात १७७ व्होल्टपर्यंत चढतो. त्यामुळे त्याच्या मागे १५० व्होल्टचे मॉस्फेट बसवणे म्हणजे नशिबावर हवाला. २०० व्होल्टचे घ्या. ऋण स्पाइक पोलॅरिटीच्या मॉस्फेटवर पडतो. त्याचेही रेटिंग त्याच हिशोबाने तपासा.

तिसरी पायरी : स्टार्टरचा सेकंद

स्टार्टर गुंततो तो पहिला सेकंदभर सर्वांत वाईट, त्यानंतर इंजिन फिरत असताना १६ व्होल्ट अर्ध्या मिनिटापर्यंत राहू शकतात. १६ व्होल्टला ७ अँपिअर, १२ ला ९.३. इथपर्यंत ठीक. पण जुन्या आवृत्तीच्या ६ व्होल्टला पूर्ण भार चालवायचा तर जवळजवळ १९ अँपिअर ओढावे लागतात, आणि सगळा इनपुट, कनेक्टरच्या पिनांसकट, दुप्पट जाड होतो. कपॅसिटरमध्ये साठवण करायची म्हटले तर एका सेकंदाला ११२ ज्यूल लागतात. २८ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरू दिले तर ०.३५ फॅरड. हे सुपरकपॅसिटरचे काम, आणि बहुतेक सुपरकपॅसिटर ६५-७० अंशांच्या वर टिकत नाहीत. म्हणून पहिल्या पायरीतला तो प्रश्न. रेडिओ पुन्हा सुरू होणे ग्राहकाला मान्य असेल तर ६ व्होल्टला सप्लायने नीट बंद व्हावे आणि व्होल्टेज परतल्यावर आपोआप, एकाच झटक्यात, न फडफडता सुरू व्हावे. त्यासाठी अंडरव्होल्टेजला दोन-अडीच व्होल्टचा हिस्टेरिसिस, म्हणजे बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या व्होल्टेजमध्ये तेवढे अंतर द्या.

चौथी पायरी : दोन टप्प्यांची रचना

१२ ते १०० व्होल्ट हा आठपटीचा पल्ला. एकाच ट्रान्सफॉर्मरच्या टप्प्यात तो घेतला तर ड्यूटी सायकल (स्विच चालू राहण्याच्या वेळेचे प्रमाण) इतकी ताणली जाते की ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर दोन्ही महाग आणि गरम होतात. त्याऐवजी पुढे चार स्विचचा बक-बूस्ट (व्होल्टेज कमीही करणारा आणि वाढवणाराही कन्व्हर्टर) ठेवा, जो इनपुट कितीही असला तरी दोन टप्प्यांच्या मधल्या तारांवर, म्हणजे बसवर, स्थिर २४ व्होल्ट देईल. मागे ठरावीक गुणोत्तराचा आयसोलेटेड टप्पा, सिंक्रोनस रेक्टिफिकेशनसह (डायोडच्या जागी मॉस्फेट). पहिला ९६ टक्के, दुसरा ९३ टक्के, गुणाकार ८९. आयसोलेटेड टप्प्याला स्थिर इनपुट मिळाल्याने ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि वाइंडिंग करणाऱ्यालाही काम सोपे जाते. वाइंडिंग झाल्यावर व्हॅक्यूममध्ये वार्निश भरून घ्या. नुसते बुडवून काढलेले वार्निश आतल्या थरांपर्यंत पोचत नाही, आणि कंपात सुट्या तारा एकमेकींवर घासून इनॅमल खरवडतात.

स्विचिंग फ्रिक्वेन्सी २०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. वर गेलात तर फिल्टर लहान होतो, पण हार्मोनिक्स (तिच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जास्त ताकदीने पोचतात. लष्करी व्हीएचएफ रेडिओ तिथेच बोलतात, आणि आपला भार रेडिओच आहे.

पाचवी पायरी : फिल्टर, आणि त्याचे भांडण

स्विचिंगचा उपद्रव इनपुटच्या तारांवर जाऊ नये म्हणून तिथे फिल्टर लागतो, आणि त्याचे कन्व्हर्टरशी भांडण होते. कन्व्हर्टर स्थिर वॅट ओढतो. व्होल्टेज कमी झाले की तो प्रवाह वाढवतो, म्हणजे फिल्टरला तो ऋण रोधासारखा दिसतो. त्याचे मूल्य व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट : २८ व्होल्टला ७ ओहम, १६ ला २.३, १२ ला फक्त १.३. फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) त्याच्या रेझोनन्सला, म्हणजे तो आपोआप डोलतो त्या फ्रिक्वेन्सीला, या आकड्याच्या जवळ गेला की दोघे मिळून डोलायला लागतात. टेबलावर २८ व्होल्टला सगळे शांत असते, आणि गाडीत स्टार्टर मारताच सप्लाय गुणगुणून बंद पडतो.

आकड्यांत बघू. ४.७ मायक्रोहेन्रीचा चोक आणि २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतले तर रेझोनन्स १६ किलोहर्ट्झच्या आसपास, स्वाभाविक इम्पिडन्स अर्ध्या ओहमपेक्षा किंचित कमी. याला डॅम्पिंग (डोलणे शमवणारी जोड) नसेल तर शिखर कितीतरी ओहम उंच जाते. मुख्य कपॅसिटरच्या चौपट, म्हणजे ८० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर ०.३ ओहम रोधाशी मालिकेत जोडून समांतर लावा. शिखर सुमारे ०.४ ओहमवर बसते, १.३ च्या तिसऱ्या हिश्श्यावर. एवढे अंतर पुरेसे आहे.

हे सगळे कपॅसिटर सर्ज झेलतात, म्हणून रेटिंग २०० व्होल्टच्या घरातले हवे. सिरॅमिक एक्स७आर घेतलात तर डीसी व्होल्टेजखाली त्याची धारिता बरीच गळते; छापलेला आकडा न धरता उत्पादकाच्या आलेखातला धरा. अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध उणे ४० अंशांना अनेक पटींनी वाढतो. खान्देशात ती थंडी कधी पडणार नाही, पण हा सप्लाय लडाखला जाणार आहे.

मिल-एसटीडी-४६१ मधल्या सीई१०२ चाचणीत १० किलोहर्ट्झ ते १० मेगाहर्ट्झपर्यंत तारांवरचा उपद्रव मोजतात. डिफरन्शियल फिल्टर (दोन तारांमधला, वर मोजलेला) खालच्या फ्रिक्वेन्सी सांभाळतो, वरच्यांसाठी कॉमन-मोड चोक (दोन्ही तारांवरून एकाच दिशेने वाहणारा उपद्रव अडवणारे वेटोळे) आणि चॅसिसला जाणारे लहान कपॅसिटर लागतात. पण निम्मे यश धातूच्या डब्यात असते. इनपुट कनेक्टर आणि फिल्टर वेगळ्या कप्प्यात, मध्ये धातूची भिंत, तारा त्या भिंतीतून फीड-थ्रू कपॅसिटरने आरपार. फिल्टरमधून आलेली तार फिल्टरआधीच्या तारेच्या शेजारून दोन इंच जरी धावली तरी फिल्टर असून नसल्यासारखा. कनेक्टर जिथे बसतो तिथला रंग खरवडून उघड्या, वाहक प्लेटिंगवर बसवा.

सहावी पायरी : उष्णता, आणि इथे खान्देश आपला गुरू

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेही सावलीत. उन्हात उभ्या गाडीच्या केबिनमध्ये तो किती, हे इथल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा. निविदांत नेहमी येणारी चालू तापमानाची वरची मर्यादा ७१ अंश.

पंखा नको. धूळ त्याला मारते आणि पंख्यासाठी डब्याला भोके पडतात. सगळी उष्णता धातूतून बाहेर जायला हवी. आपला तोटा १२ वॅट. २०० × १५० × ५० मिलिमीटरच्या डब्याचे सगळे पृष्ठ मिळून सुमारे ०.०९५ चौरस मीटर. स्थिर हवेत, किरणोत्सर्ग धरून, दर चौरस मीटरला दर अंशाला १० वॅट जातात असे मोजले, तर डबा हवेपेक्षा साडेबारा अंश जास्त तापतो. ७१ चे ८४ झाले. समजा एका मॉस्फेटचा तोटा ३ वॅट, जंक्शनपासून (मॉस्फेटच्या आतल्या चिपपासून) डब्यापर्यंत, मधल्या उष्णतावाहक पॅडसकट, अडीच अंश प्रतिवॅट : जंक्शन ९१ ते ९२. १५० अंश रेटिंगच्या भागाला ११० अंश ही माझी वरची रेघ. आपण आत आहोत.

आता तोच डबा उन्हात ठेवा. मिल-एसटीडी-८१० सूर्याची तीव्रता १,१२० वॅट प्रति चौरस मीटर धरते. वरचा पृष्ठभाग ०.०३ चौरस मीटर, गडद हिरवा रंग सत्तर टक्के ऊन शोषतो असे धरले, तर साडेतेवीस वॅट. सप्लाय स्वतः तापतो त्याच्या दुप्पट उष्णता वरून ओतली जाते. म्हणून बाहेर बसणाऱ्या सप्लायवर दहा-पंधरा मिलिमीटर अंतर सोडून एक सुटे पत्र्याचे छप्पर द्या. वजन नगण्य, फरक मोठा.

नमुना तयार झाला की मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, बंद पेटीत, पूर्ण भारावर दुपारी बारा ते चार चालवा. डब्याला, चोकला, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला आणि सर्वांत गरम मॉस्फेटला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा. गणितातले आकडे आणि हे आकडे पाच-सात अंशांत जुळले तरच पुढे जा. न जुळल्यास बहुधा पॅड नीट दाबला गेलेला नसतो. स्क्रू सोडून पॅडवरचा ठसा बघा : सगळीकडे सारखा दबलेला हवा. एका कोपऱ्यात चकाकी असेल तर डब्याचा तळ सपाट नाही, मशीनिंग पुन्हा करा.

सातवी पायरी : कंप, धूळ, ओल

जड भाग आधी सांभाळा. ट्रान्सफॉर्मर, चोक आणि उभे कपॅसिटर नुसत्या सोल्डरवर उभे राहता कामा नयेत. ट्रान्सफॉर्मर डब्याला क्लँप करा, कपॅसिटरच्या पायथ्याला इपॉक्सी किंवा आरटीव्ही सिलिकॉन द्या. पीसीबीला मध्यभागी आधाराचा खांब द्या. बोर्डाची नैसर्गिक कंपनसंख्या डब्याच्या दुप्पट तरी हवी, नाहीतर दोघे एकमेकांना झुलवतात. मोठे सिरॅमिक कपॅसिटर बोर्डाच्या कडेला आणि स्क्रूजवळ ठेवू नका. बोर्ड वाकला की त्यात केसासारखी भेग पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे शॉर्ट होते. सॉफ्ट टर्मिनेशनचे (लवचीक टोकांचे) घ्या.

काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते आणि पहिल्या पावसात चिखल होऊन ओल धरते. तापी-गिरणा काठच्या कोणत्याही मोटर स्टार्टरचे झाकण उघडा, कळेल. डब्याला ओ-रिंग, कनेक्टर ३८९९९ या लष्करी मालिकेतले, आणि बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (पातळ संरक्षक लेप). कोटिंगआधी सोल्डरिंगचा फ्लक्स पूर्ण धुवा. फ्लक्सवर कोटिंग केले तर गंज आत कोंडला जातो.

आठवी पायरी : सुटे भाग

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. टाळता आले तर टाळा, नाहीतर १२५ अंशांचे घ्या. टँटलम निम्म्या व्होल्टेजवर चालवा. शुद्ध कथिलाचे प्लेटिंग असलेले पाय नकोत, त्यातून कालांतराने धातूचे केस उगवून शॉर्ट होतात. किमान ३ टक्के शिसे हवे. सोल्डरिंग आयपीसी-ए-६१० या जोडणीच्या दर्जाच्या मानकातल्या तिसऱ्या, सर्वांत कडक वर्गाचे. आणि खरेदी अधिकृत वितरकाकडूनच, बॅच क्रमांकासह. स्वस्तात मिळालेला मॉस्फेट आत नेमका काय आहे हे कोणी सांगू शकत नाही.

नववी पायरी : आधी घरची चाचणी, मग प्रयोगशाळा

प्रयोगशाळेचा दिवस महाग असतो. तिथे शोध लावायला जाऊ नये, खात्री करायला जावे. सर्जची चाचणी घरी करता येते : १६० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक समांतर जोडून ४७,००० मायक्रोफॅरडची बँक, अर्ध्या ओहमचा वायरवाउंड रोध, आणि ५० मिलिसेकंदांसाठी चालू होणारा मॉस्फेट स्विच. ४ अँपिअर ओढले तरी त्या वेळात बँक चार-साडेचार व्होल्टच उतरते. पण १०० व्होल्टला या बँकेत २३५ ज्यूल असतात, आणि चुकून हात लागला तर जीव जाऊ शकतो. पारदर्शक झाकण, कायम जोडलेला ब्लीडर रोध (साठलेली वीज उतरवणारा), व्होल्टमीटर सतत चालू, आणि एका माणसाने एकट्याने ही चाचणी करायची नाही.

सर्ज २८ व्होल्टवर बसवून द्या, मग डबा ७१ अंशांना तापवून द्या, मग कमीत कमी भारावर द्या. तिन्ही वेळी आउटपुट ऑसिलोस्कोपवर बघा. हलक्या भारावर आउटपुट वर उसळत असेल तर फीडबॅक लूप मंद आहे.

अधिकृत चाचण्यांसाठी फार लांब जावे लागत नाही. अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आहे, मुंबईला समीर आणि ईआरटीएल या सरकारी संस्था. वेळ आधी ठरवा, आणि सोबत दोन नमुने, सुटे मॉस्फेट, फेराइट रिंगा, तांब्याची चिकटपट्टी न्या. सीई१०२ मध्ये एखादे शिखर दोन-तीन डेसिबलने वर आले तर ते तिथेच, टेबलावर खाली आणता येते.

दहावी पायरी : कागद

कोणते भाग आयात होतात आणि देशात हवे आहेत, ते ऑगस्ट २०२० पासून संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर दिसते. नवीन कल्पनेसाठी संरक्षण मंत्रालयाचीच २०१८ ची आयडेक्स योजना आहे. पण आधी स्वतःची फाइल नीट करा. या सप्लायला पंधरा-वीस वर्षे सुटे भाग द्यावे लागतील, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा दुसरा पर्याय डिझाइनच्याच वेळी तपासून ठेवा. मंजूर झालेल्या डिझाइनमध्ये फेराइटचा ग्रेड बदलला, तारेचा गेज बदलला, वार्निशचा डबा दुसऱ्या कंपनीचा आला, तरी आराखड्याची आवृत्ती बदला, बदलाचे कारण तारखेसह लिहा, आणि तापमान व सर्जची चाचणी त्या बॅचवर पुन्हा घेऊनच माल बाहेर पाठवा.